फुकट दिला तरी महाग पडते आपला संत्रा

मागच्या अंकात मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की बांगलादेशानं उद्या आयात शुल्क शून्य केलं तरी आपल्या संत्र्याचा एक्स्पोर्ट सुटणार नाही, कारण ढाक्याच्या पलीकडं आपला माल टिकतच नाही. त्याच्यावर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, दोघातिघांनी फोनवर शिव्याही घातल्या (प्रेमाच्याच होत्या, आवाजावरून कळते). यावेळी सगळे सवाल त्याचेच घेतले. नावं छापली नाहीत, गावाचा तालुका तेवढा दिला, कारण एकानं आपल्या व्यापाऱ्याचा सगळा हिशेबच लिहून पाठवला अन् त्याच व्यापाऱ्याले त्याले पुढच्या साली बगीचा द्यायचा आहे.

काकाजी, तुम्ही सरकारची बाजू कायले घेऊन राह्यले? २०१९ पर्यंत वरूडातून ढाक्याले गाड्याच्या गाड्या जात होत्या, तोच माल, तीच झाडं. फरक पडला तो ड्युटीत. मंग मालाले नावं ठेवायचं काय काम?
— एक संत्रा उत्पादक, ता. वरूड

बाप्पा, ड्युटीचं तुमचं बरोबरच आहे, आधी तेच मांडतो म्हणजे भांडण मिटते. २०१९ च्या सुमाराला बांगलादेशात आपल्या संत्र्यावर किलोमागे २० रुपये लागत होते, ते दरवर्षी चढत चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. आता कागद घ्या. समजा बगीच्यात तुम्हाले किलोला २५ रुपये भेटले, तोडणी, क्रेट, भरणी मिळून ५ धरा, बंगालातल्या पेट्रापोलच्या बॉर्डरपर्यंत गाडीभाडं ८ धरा, झाले ३८. त्याच्यावर ८८ टाका, १२६. आता तुमचे २५ काढून टाका, म्हणजे तुम्ही एक रुपया न घेता देवाच्या नावानं माल दिला असं समजा, तरी तिथं तो १०१ रुपयाले पडते. हे २५, ५ अन् ८ मी अंदाजानं धरले, तुमच्या गावात दोनचार रुपये इकडंतिकडं होतील, पण त्यानं काही फरक पडत नाही. फुकट दिलेला माल जिथं महाग पडते तिथं शेतकऱ्यानं खर्च कमी करा, उत्पादन वाढवा असं भाषण देणाऱ्याले मीसुद्धा मांडवातून उठवीन.

अन् किलोमागच्या हिशेबात एक मेख आहे ती कोणी सांगत नाही. किलोमागे सारखाच बोजा पडला तं महागड्या फळाले चिमटा बसते अन् स्वस्त फळाले लाथ बसते. १५० रुपये किलोचं फळ २३८ ला गेलं तं घेणारा थोडा कुरकुर करून घेते. ३८ चं १२६ झालं तं तो घेणारच नाही, कारण आपलं गिऱ्हाईकच स्वस्त फळ घेणारं होतं. हातगाडीवरून आजारी माणसासाठी पावभर नेणारं.

त्यांनी हे केलं कशासाठी? २०२२ मध्ये त्यांच्याकडं डॉलरची टंचाई आली, त्या मे महिन्यात त्यांनी फळांसकट पुष्कळ चैनीच्या मानलेल्या वस्तूंवर २० टक्के जादा शुल्क लावलं. त्यांच्या लेखी संत्रा चैन आहे. इकडं पारावर मात्र एकच बोलल्या जाते, की आपण कांदा बंद केला म्हणून त्यांनी संत्रा बंद केला. मी असं छातीठोक म्हणणार नाही. पण २०१९ च्या सप्टेंबरात आपण एका झटक्यात कांदा निर्यात बंद केली, २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा केली, २०२३ च्या डिसेंबरात तिसऱ्यांदा, अन् त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना २०१९ ला दिल्लीत येऊन सगळ्यांसमोर हसत हसत सांगून गेल्या होत्या की आधी कळवलं असतं तं बरं झालं असतं, मी माझ्या स्वयंपाक्याले कांदा टाकू नको म्हणून सांगितलं. त्या हसल्या, पण आपण काय समजायचं ते समजावं. जो दुकानदार मन आलं की शटर पाडते त्याच्याकडून वर्षाचा किराणा कोण भरते?

मदत म्हणाल तं डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात राज्य सरकारनं शुल्काच्या निम्मी रक्कम, किलोमागे ४४ रुपये, देण्याचं जाहीर केलं. डिसेंबर म्हणजे आंबिया (पावसाळ्यानंतर तोडायले येणारा बहार) संपत आलेला. अन् अनुदान निर्यातदाराले, बगीचावाल्याले नाही. तो आपल्याले किती वाटते हे ज्याचं त्याले माहीत. घ्या, झाली का सरकारची बाजू?

आता माझं ऐका. त्याच ढाक्याले भूतानचा संत्रा पिढ्यानपिढ्या जाते, अन् भूताननं डिसेंबर २०२० मध्ये बांगलादेशाशी सवलतीचा व्यापार करार करून घेतला. एवढुसा देश. आपण काय केलं? एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर बसलो. तिथं माल खपत होता कारण रस्ता जवळचा होता, गाडीत तणस टाकून खुला माल भरला तरी तीनचार दिवसांत पोचत होता, आंबटगोड चव त्यांना आवडत होती, अन् वाटेत शेकडा दहा सडले तरी भावात भागत होतं. मालाची परीक्षा झालीच नाही कधी. ड्युटी वाढली तेव्हा दुसरं दार शोधायले निघालो अन् तेव्हा कळलं की दुसऱ्या दाराचा उंबरा उंच आहे. तुम्ही म्हणता तोच माल, तीच झाडं. अहो तेच तं म्हणून राह्यलो मी.

सर, दुबईले संत्रा जाऊ शकते का नाही ते एका शब्दात सांगा.
— ता. मोर्शी

जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये वाशीहून कंटेनर भरून गेला होता, पेपरात फोटो आले होते. एका शब्दात झालं, आता पुढचं.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच बगीचेवाल्यांनीही एका व्यापाऱ्याच्या मार्फत तिकडं माल दिला होता. मृगाचा माल, मार्च महिना, रंग असा की पाहत राहावं. तिघांनी कात्रीनं तोडला, दोघांनी नेहमीसारखा हातानं ओढला, कारण मजूर बैतूलकडचे, ठोक्यावरचे, त्यांना कात्री दिली तं दिवसाचे क्रेट निम्मे होतात अन् ते बिचारे काम सोडून जातात. दिसायले दोन्ही माल सारखेच. पॅकहाऊसमध्ये धुतला, मेण चढवलं, थंड कंटेनरात भरला, न्हावाशेवा बंदराले गेला. तेराव्या दिवशी तिकडून मोबाइलवर फोटो आले. हातानं ओढलेल्या क्रेटमध्ये हिरवी बुरशी. ओढताना देठाजवळची साल टिकलीएवढी जरी फाटली तरी बुरशीले तेवढंच दार पुरते, अन् एक फळ फुटलं की क्रेट जाते. त्या व्यापाऱ्यानं पैसे पाचही जणांचे कापले, सरसकट, तिकडच्या पार्टीचा कागद काही अजून दाखवला नाही. मी त्याच्या नावानं आताही बोटं मोडतो, पण खरं सांगायचं तं त्या फोटोनं मला जे शिकवलं ते नोकरीतल्या एवढ्या वर्षांत शिकलो नव्हतो.

कारण आपण आयुष्यभर फळ विकलंच नाही हो, बगीचा विकला. झाडावर माल दिसला, व्यापारी आला, चक्कर मारली, उक्ता सौदा झाला, इसार घेतला, आपण मोकळे. कोणी हजार फळाच्या भावानं देते, कोणी टनाच्या. पुढं ते फळ पंधराव्या दिवशी कोणाच्या हातात कसं दिसलं हे आपल्याले आजवर एकानंही येऊन सांगितलं नाही, अन् आपण विचारलं नाही. परदेशात मात्र किंमत त्या पंधराव्या दिवसाची भेटते, आपल्या बगीच्यातल्या पहिल्या दिवसाची नाही.

आपला संत्रा मुळातच नाजूक. साल सैल, आत हवा, सोलायले सोपा पण दाबायले हलका. ६ ते ७ डिग्रीत नीट ठेवला तं महिना दीड महिना निघते, पण त्याच्याहून फार थंड केलं तं साल काळी पडते. म्हणजे सफरचंदाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा आहे म्हणून ढकलून दिला तं गेला.

काकाजी, आमच्या कॉलेजात सेमिनारले स्पर्धात्मकता मोजायचं एक सूत्र दिलं होतं, आरसीए (रिव्हील्ड कंपॅरेटिव्ह अ‍ॅडव्हान्टेज) म्हणून. मॅडमनं समजावलं पण बगीच्याशी काय संबंध ते नाही समजलं.
— कृषी पदवीचा विद्यार्थी, ता. चांदूर बाजार

मॅडमचा दोष नाही, विषयच कोरडा आहे. बेला बलासा नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये हे मांडलं. सोपं करतो. तुमच्या गावच्या बाजारात एकूण विक्रीतली समजा शेकडा २ रुपयांची विक्री मिरचीची होते. अन् एका घरच्या पालात मात्र शेकडा १० रुपये मिरचीचे. दहाले दोननं भागलं, पाच. म्हणजे ते घर मिरचीत पाचपट तगडं. देशाचंही तसंच, आपल्या एकूण निर्यातीत फळाचा वाटा किती, जगाच्या एकूण निर्यातीत फळाचा वाटा किती, पहिल्याले दुसऱ्यानं भागायचं. एकाच्या वर आलं तं त्या मालात देश तगडा, खाली आलं तं लंगडा.

मेख अशी की हा आकडा काल काय विकलं तेवढंच सांगते, काय विकू शकलो असतो ते नाही सांगत. पिकवण्यात आपण जगात केळीत पहिले, आंब्यात पहिले, पण घरातच एवढी तोंडं आहेत की पुष्कळसा माल इथंच जिरते, अन् ते काही वाईट नाही. दिल्लीची मंडी घरी बसून बरा भाव देत असेल तं कंटेनरच्या भानगडीत कोण पडते? सेमिनारमध्ये हे बोला, मार्क जास्त भेटतील. अन् आणखी एक पाहा, आकडे काढताना ऑरेंज (घट्ट सालीचा) अन् मँडरीन (सैल सालीचा) यांचा निर्यातीतला कोड वेगळा असते. आपला नागपुरी संत्रा मँडरीनमध्ये बसते. गोंधळ झाला की सगळा तक्ता चुकते, मोठ्या मोठ्या लोकांचे चुकलेले पाहिले मी.

नागपूरच्या मॉलमध्ये इजिप्तचा संत्रा पाहिला, चकचकीत, आपल्याहून तिप्पट भाव. आपल्याच घरात येऊन आपल्याले मारून राह्यले हे!
— ता. काटोल

तो संत्रा नव्हेच. इजिप्तचा व्हॅलेन्सिया किंवा नेव्हल, तो आपल्या मोसंबीचा चुलतभाऊ, घट्ट सालीचा. म्हणून तं समुद्रावर महिना महिना टिकते. इजिप्त अशा ऑरेंजच्या निर्यातीत जगात पहिल्या रांगेत आहे. युरोप समोरच्या काठाले, नाईलचं पाणी, २०१६ मध्ये त्यांचा पौंड गडगडला तं त्यांचा माल बाहेरच्यांना आपोआप स्वस्त झाला. चलन पडलं की निर्यातदार खुश अन् घरचा माणूस रडते, हे गणित सगळ्या देशात सारखं. काटोलवाल्यांनी त्याच्याशी भांडू नये, आपला भाऊबंद तो नाही.

भाऊ, नाशिकची द्राक्षं युरोपात जातात मंग आमचा संत्रा काऊन नाही जात? तिथली माती काय सोन्याची आहे का? माझे मालक म्हणतात सगळं राजकारण आहे.
— एक शेतकरी ताई, ता. अचलपूर

ताई, राजकारण आहेच, पण सगळं नाही. नाशिकवाल्यांनी मार खाऊन शिकलेलं आहे. २००३ च्या आसपास औषधाच्या अंशावरून त्यांच्या मालावर युरोपात बोंब झाली, त्याच्यानंतर अपेडानं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्राच्या संस्थेनं, ग्रेपनेट आणलं, म्हणजे प्रत्येक प्लॉटची नोंद, प्रत्येक प्लॉटचा नमुना लॅबमध्ये, पेटीवरच्या नंबरवरून बाग सापडते. एवढं करूनही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश निघाला, ते तपासायच्या यादीतच नव्हतं, कंटेनर तिकडं अडकले, लोकं कर्जात गेले. पण पुढच्या साली पुन्हा उभे झाले कारण चूक कुठं झाली ते नोंदीवरून शोधता आलं.

आपल्याकडं उदईले, खोडकिड्याले, कशाले पण क्लोरपायरीफॉस. डबा घरात असतेच, मिठाच्या बरणीसारखा. युरोपनं २०२० मध्ये त्याची परवानगी काढली अन् अंशाची मर्यादा किलोले ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. हे किती होते सांगू? १०० टन संत्र्यात एक ग्रॅम. दहा टनाच्या दहा गाड्या अन् त्यात चिमूटभर. शेजाऱ्याच्या पऱ्हाटीवरून उडून आलेला फवारासुद्धा त्याच्यात सापडू शकते. नियम कडक आहे, काही ठिकाणी तं मुद्दाम कडक आहे असं माझं मत आहे, दक्षिण आफ्रिकेसारखा देश युरोपच्या संत्र्यावरच्या नियमांविरुद्ध २०२४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भांडायले गेला तो उगाच नाही. पण तो भांडते अन् माल पाठवणंही चालू ठेवते. आपण नुसते पारावर भांडतो.

तुमच्या मालकांना सांगा, फवारणीची वही तुम्ही ठेवा. तारीख, औषध, किती टाकलं. मी पाहिलं आहे की ज्या घरात ही वही बाईच्या हातात असते तिथं ती कोरी नसते.

नागपुरी संत्रा उपटून कीनू लावू का? पंजाबवाले पुढं गेले म्हणतात.
— ता. नरखेड

कीनू पंजाबचा नाहीच मुळात. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडले फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञानं दोन जातींचा संकर करून तो काढला अन् १९३५ मध्ये सोडला. आपण वरूड मोर्शीले विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून मिरवतो अन् खऱ्या कॅलिफोर्नियाचं फळ अबोहर अन् सरगोध्यात जाऊन बसलं! साल घट्ट म्हणून वाहतुकीत टिकते, पाकिस्तान त्याच्याच जोरावर आखातात अन् तिकडं पार रशियापर्यंत जाते. पण बिया आपल्याहून जास्त, अन् रंगाले थंडी पाहिजे ती पंजाबची. युरोपात तं आता बिनबियांचं अन् सोपं सोलणारं एवढंच चालते, लेकराच्या डब्यात द्यायचं म्हणून. तिथं कीनूही मागे अन् आपणही मागे.

उपटू नका. नवीन लागवड करायचीच असेल तं नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन बिनबियांच्या निवड कलमांबद्दल विचारा, अन् खुंट (ज्याच्या मुळावर कलम बांधतात तो) कोणता ते आधी विचारा. आपल्याकडं पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत जंभेरीवर बांधलेली झाडं डिंक्यानं बसतात अन् आपण दोष बाजाराले देतो. हेक्टरी आपलं उत्पादन ८-१० टन, पुढं गेलेल्या देशांत २५-३० टन. सहा बाय सहावर एकरी ११० झाडं, त्यातली वीसपंचवीस सलानं वाळलेली, त्यांना पाणी मात्र बरोबरीचं, अन् वरूडात ते पाणी हजार फुटावरून काढा. किलोचा खर्च तिथंच वाढते, बॉर्डरवर नाही.

जीआय (भौगोलिक मानांकन) भेटून दहा वर्षं झाले, त्याचं काय लोणचं घालायचं?
— ता. मोर्शी (दुसरे)

२०१४ मध्ये भेटला. जीआय म्हणजे सातबारा, पीक नाही. नावावर जमीन झाली, पेरायचं आपल्याले आहे. न्यूझीलंडच्या किवीवाल्यांचं पाहा. बाहेरच्या देशांत भाव पडले, १९९२ मध्ये अमेरिकेनं त्यांच्यावर स्वस्तात माल ओततात म्हणून जादा शुल्क लावलं, बागा तोडायची पाळी आली. १९९७ मध्ये झेस्प्री हे नाव बाजारात उतरलं, पुढं ती शेतकऱ्यांच्याच मालकीची संस्था झाली. ती शेतकऱ्याले नुसते वजनाचे पैसे नाही देत, चवीचेही देते, फळ तपासून. आपल्या मंडीत चवीले कोणी पैसे दिलेले पाहिले का? आकार पाहतात, रंग पाहतात, अन् मी तं पाहिलं की अडत्या एक फुकट खाऊन मंग भाव पाडते.

कात्रीनं तोडायचं ठरवलं आहे, आंबिया तोडायले आला. मजुराले कसं सांगायचं तेवढं लिहा.
— परतवाड्याजवळून, ता. अचलपूर

हे पत्र सगळ्यात शेवटी आलं अन् सगळ्यात कामाचं आहे. सकाळी दव वाळल्याशिवाय हात लावू देऊ नका, ओल्या सालीवर बोट दाबलं की तेल फुटते, दोन दिवसांनी तिथं डाग. कात्री बोथट टोकाची, लिंबूवर्गीय फळासाठीची वेगळी येते ती. पहिला काप देठ ठेवून, दुसरा काप देठाच्या टिकलीबरोबर, म्हणजे खुंटी राहिली नाही पाहिजे, नाही तं क्रेटमध्ये तीच शेजारच्या फळाले टोचते. पिशवी गळ्यात, फळ टाकायचं नाही, ठेवायचं. जमिनीवर पडलेलं फळ कितीही चांगलं दिसो, ते वेगळ्या ढिगात, गावच्या बाजारासाठी.

अन् मजुरी क्रेटवर नका देऊ, रोजानं द्या. क्रेटवर दिली तं दुपारी तुम्ही जेवायले घरी गेले की कात्री खिशात जाते. माझ्याकडं गेली होती.